खोडून केलेला एक: पालकांनी दिलेल्या गुणांवर किती विसंबावे?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला एडीएचडी, म्हणजे अवधान-कमतरता व अतिचंचलता, असल्याचे निदान झाले. त्या वेळी मी अठरा प्रश्नांची एक प्रश्नावली भरली होती आणि तिची बेरीज ३८ आली होती. पाच आठवड्यांनी, कोणताही उपचार सुरू होण्यापूर्वी, तीच प्रश्नावली मला पुन्हा भरायला दिली, तेव्हा बेरीज ३१ झाली. त्यानंतर आम्ही दोघांनी पालकांसाठीचे प्रशिक्षण घेतले. औषध दिलेले नाही. आता तो नऊ वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात मी भरलेल्या प्रश्नावलीची बेरीज २६ आहे आणि त्याच दिवशी त्याच्या वडिलांनी वेगळे बसून भरलेल्या प्रश्नावलीची १९. लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी माझ्या उत्तरांनुसार पाचच धरली गेली, त्यामुळे ‘सध्या निकषांत बसत नाही’ अशी नोंद झाली आहे. मला आनंद व्हायला हवा. पण एका प्रश्नापुढे मी आधी २ लिहिले होते आणि मग ते खोडून १ केले, हे मनातून जात नाही. मी तेव्हा वाढवून सांगितले होते की आता कमी करून सांगते आहे? माझ्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवावा का? — एक आई

उत्तर : आपण तिन्ही प्रश्नावल्यांच्या प्रती पत्रासोबत पाठवल्या हे फार बरे केले, कारण नुसत्या बेरजा पाहून मीही कदाचित चुकीच्या वाटेने गेलो असतो. आपण तेव्हा वाढवून सांगितले नव्हते आणि आता लपवतही नाही. मात्र खोडलेल्या आकड्याविषयी आपल्याला वाटणारी रुखरुख अनाठायी नाही. तिच्याकडे मी शेवटी येतो.

या प्रश्नावलीत निदानाच्या नियमावलीतील अठरा लक्षणे साध्या वाक्यांत मांडलेली असतात. त्यांतील नऊ लक्ष न लागण्याची आणि नऊ अतिचंचलतेची व उतावळेपणाची असतात. ‘कधीच नाही किंवा क्वचित’ यासाठी ०, ‘कधीकधी’साठी १, ‘बऱ्याचदा’साठी २ आणि ‘फारच वेळा’साठी ३ गुण द्यायचे असतात, म्हणजे बेरीज ० ते ५४ यांच्या दरम्यान कुठेही येऊ शकते. लक्षणे मोजताना २ किंवा ३ गुण मिळालेले लक्षण ‘आहे’ असे धरतात आणि ० किंवा १ मिळालेले ‘नाही’ असे धरतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या नियमावलीनुसार दोन गटांपैकी निदान एका गटात सहा लक्षणे असावी लागतात आणि सतरा वर्षांपासून पुढे पाच पुरतात. त्याखेरीज लक्षणे किमान सहा महिने टिकलेली असणे, त्यांतली काही बारा वर्षांपूर्वीच दिसू लागलेली असणे, ती एकाहून अधिक ठिकाणी दिसणे आणि त्यांमुळे मुलाचे काही अडणे, या अटीही आहेतच. प्रश्नावली यांपैकी फक्त पहिल्या भागाला हात घालते, ही गोष्ट निकालाच्या कागदावर सहसा लिहिलेली नसते.

आता ३८ चे ३१ का झाले ते पाहू. पालकांनी काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा दिलेल्या गुणांमधील सहसंबंध, म्हणजे दोन आकडे एकमेकांसोबत किती चालतात याचे माप (पूर्ण मेळ म्हणजे १), अशा प्रश्नावल्यांत साधारण ०.८ च्या आसपास असतो. माणसाने माणसाविषयी दिलेल्या मतासाठी हा आकडा चांगलाच म्हणावा लागेल; पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पहिल्या वेळी ज्या मुलांना जास्त गुण मिळाले त्यांनाच दुसऱ्या वेळीही जास्त मिळतात, म्हणजे मुलांचा आपापसांतला क्रम बराचसा टिकतो, एवढेच तो सांगतो. प्रत्येक मुलाचा आकडा जिथल्या तिथे राहील, असे तो म्हणत नाही. सगळ्याच पालकांनी दुसऱ्यांदा पाच-पाच गुण कमी दिले, तरी हा सहसंबंध तिळमात्र कमी होणार नाही.

आणि दुसऱ्यांदा गुण कमी दिले जातात, हे खरेच घडते. तेच प्रश्न थोड्या काळाने पुन्हा विचारले की उत्तरांतली लक्षणे घटतात, हा अनुभव मुलांच्या मानसिक आरोग्याच्या मुलाखतींत व प्रश्नावल्यांत वारंवार आलेला आहे. याची एक बाजू निव्वळ गणिताची आहे. पालक मदत घ्यायला येतात ते गोष्टी टोकाला गेल्यावर. एरवी चढउतार होणारी कोणतीही गोष्ट टोकावर असताना मोजली, तर पुढच्या मोजणीत ती सरासरीच्या बाजूला थोडी सरकलेलीच दिसते. दुसरी बाजू माणसाच्या मनाची आहे. पहिल्या वेळी आपण प्रत्येक वाक्याला ‘हो, हेच तर आमच्याकडे चालते’ अशी मान डोलावली असेल. दुसऱ्या वेळी तेच वाक्य ओळखीचे झालेले असते, आपले कुणीतरी ऐकून घेतले आहे एवढ्यानेही जीव हलका झालेला असतो आणि ‘फारच वेळा’च्या जागी ‘बऱ्याचदा’ लिहावेसे वाटते. यात लबाडी कुठेच नाही.

शिवाय सात गुणांचा फरक मुळात मोजमापाच्या चुकीच्या पलीकडे जातो का, हेही पाहायला हवे. जेकबसन आणि ट्रूअॅक्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली यासाठीची रीत कागदावर दोन ओळींत करता येते. गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे मुलामुलांच्या गुणांतली पसरण, १० आणि मोजमापाची विश्वासार्हता (पूर्ण भरवशाचे म्हणजे १) ०.८५ धरली, तर एका वेळच्या आकड्यातली अपेक्षित चूक ३.९ येते आणि दोन वेळच्या आकड्यांमधील फरकातली ५.५. ९५ टक्के खात्रीसाठी तिला १.९६ ने गुणले की जवळजवळ ११ होतात. म्हणजे एकाच व्यक्तीने दिलेली बेरीज ११ पेक्षा कमी बदलली, तर मूल बदलले असे खात्रीने म्हणता येत नाही. विश्वासार्हता ०.८० धरली तर हीच मर्यादा १२ च्या वर जाते. आपले ३८ आणि ३१ हे या अर्थाने जवळपास एकच आकडे आहेत. सुरुवात कुठून झाली असे मला कुणी विचारले, तर मी त्या दोहोंपैकी एकावर बोट न ठेवता ‘पस्तिशीच्या आसपास’ असे सांगेन.

आजचे २६ मात्र वेगळे आहेत आणि इथे बेरीज दिशाभूल करते. आपल्या प्रतींवरून मी दोन्ही गट वेगळे केले. सहाव्या वर्षी अतिचंचलतेचे गुण २० होते आणि लक्ष न लागण्याचे १८. आज अतिचंचलतेचे १० आहेत आणि लक्ष न लागण्याचे १६. घट झाली ती जवळजवळ सगळी अतिचंचलतेच्या गटात. पायाला भिंगरी लागलेले मूल आठव्या-नवव्या वर्षापर्यंत बसायला शिकते, हे या विकाराच्या वाटचालीत नेहमी दिसते. लक्ष न लागणे मात्र वयाबरोबर तितके ओसरत नाही. बेंजामिन लाहे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांचा पाठपुरावा अनेक वर्षे केला, तेव्हा मुले विकाराच्या एका उपप्रकारातून (मुख्यतः लक्ष न लागणे, मुख्यतः अतिचंचलता किंवा दोन्ही) दुसऱ्यात जाताना दिसली. पुढे डीएसएम-५ ने ‘उपप्रकार’ हा शब्दच सोडला आणि ‘सध्याचे स्वरूप’ असा सौम्य शब्द घेतला, तो अशाच निरीक्षणांमुळे. आपल्या मुलाचे स्वरूप बदलले आहे, असे म्हणायला आधार आहे. त्याची अडचण संपली असे म्हणायला मला तरी या कागदांत आधार सापडत नाही.

मग लक्ष न लागण्याची लक्षणे सातावरून पाचावर कशी आली? गुण तर दोनच कमी झाले. हा ‘आहे किंवा नाही’ अशा मोजणीचा दोष आहे. लक्षण २ वरून १ वर आले की ते यादीतून पूर्ण नाहीसे होते आणि ३ वरून २ वर आले तर मोजणीला पत्ताही लागत नाही. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत एका प्रश्नाने निकाल फिरतो. म्हणूनच आपण खोडलेल्या त्या आकड्याकडे मी भिंग घेऊन पाहिले. तो प्रश्न रोजच्या कामांतल्या विसरभोळेपणाचा आहे. आपण पत्रात पुढे लिहिले आहे की त्याचे दप्तर आता रात्री आपणच भरता, पाण्याची बाटली दाराच्या कडीला अडकवून ठेवता आणि दुसऱ्या दिवशी न्यायच्या वस्तूंची चिठ्ठी त्याच्या चपलांवर ठेवता. तो काही विसरत नाही, कारण विसरण्यासारखे त्याच्याकडे आपण काही उरूच दिलेले नाही! पेन्सिलीने २ लिहिताना आपण मुलाचा विचार करत होता आणि खोडून १ करताना घरात हल्ली काय घडते याचा. दोन्ही उत्तरे प्रामाणिक आहेत. प्रश्नच असा संदिग्ध आहे की त्याला दोन प्रामाणिक उत्तरे संभवतात. तो आकडा २ राहिला असता, तर लक्षणे सहा झाली असती आणि ती नोंद झाली नसती.

वर्षे उलटतात तसे पालकांच्या गुणांना जे होते, त्यातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग मला हाच वाटतो. मूल वाढते, पण त्याच्यासोबत मोजणाऱ्याची फूटपट्टीही बदलते. ‘सांगितलेले काम पूर्ण करत नाही’ हे वाक्य सहाव्या वर्षी वाचताना आपल्या डोळ्यांसमोर जागेवर न ठेवलेले बूट असतील. नवव्या वर्षी दोन पाने गृहपाठ आणि अर्धवट राहिलेला तक्ता असेल. ‘बऱ्याचदा’ म्हणजे आठवड्यातून किती वेळा, हे प्रश्नावली सांगत नाही. ते आपण ठरवतो, आणि ठरवताना कधी भावंडाशी, कधी वर्गातल्या मुलांशी, कधी गेल्या वर्षीच्या त्याच मुलाशी तुलना करतो. प्रशिक्षण घेतलेल्या पालकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. ज्या वागण्याने पूर्वी डोके उठत असे, ते आता अपेक्षित वाटू लागते आणि अपेक्षित गोष्टीला माणूस कमी गुण देतो. उलट दिशेनेही हेच घडते. मोजणारी व्यक्ती स्वतः खचलेली, नैराश्यात असेल तर गुण काहीसे चढतात. हा परिणाम बहुतेक अभ्यासांत माफक आढळतो, आणि पालक खचलेले असताना मुलाच्या अडचणीही खरोखर वाढलेल्या असू शकतात, म्हणून केवळ ‘आई दमली आहे’ असे म्हणून तिचे सांगणे बाजूला सारणे मला मान्य नाही.

वडिलांच्या १९ गुणांवरून घरात वाद झाला असेल, तर तो मिटवावा. थॉमस एकेनबाक आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आई-वडिलांसारख्या, मुलाला एकाच प्रकारच्या परिस्थितीत पाहणाऱ्या व्यक्तींच्या गुणांमधील सहसंबंध सरासरी ०.६० होता आणि पालक व शिक्षक यांच्यासारख्या वेगवेगळ्या ठिकाणी पाहणाऱ्यांमधील ०.२८. जवळपास तीन दशकांनी, २०१५ मध्ये, डी लोस रेयेस आणि सहकाऱ्यांनी ३४१ अभ्यास तपासले, तरी वेगवेगळ्या माहितगारांमधील सरासरी सहसंबंध ०.२८ च निघाला. एवढ्या वर्षांत प्रश्नावल्या सुधारल्या, भाषा सुधारली आणि हा आकडा मात्र जागचा हलला नाही. यावरून तो निष्काळजीपणातून आलेला नाही, मूल ठिकाणागणिक वेगळे वागते त्यातून आला आहे, असे मानणेच रास्त ठरते. काळाच्या हिशेबाला यातून एक नियम निघतो. तुलना करायची ती आईच्या गुणांची आईच्याच पूर्वीच्या गुणांशी. आपले ३८ आणि वडिलांचे १९ शेजारी ठेवून ‘निम्म्यावर आले’ असे कुणी म्हणाले, तर तो हिशेब चुकीचा आहे.

चढउतार खरेही असतात, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या उपचारांच्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासातील ५५८ मुलांचा पाठपुरावा पुढे पंचविशीपर्यंत करण्यात आला. मार्गारेट सिबली आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. साधारण ३० टक्के मुलांमध्ये कधी ना कधी लक्षणे पूर्ण ओसरली, पण अखेरपर्यंत तशी टिकून राहिली ती ९.१ टक्क्यांतच, ६३.८ टक्क्यांमध्ये ती ओसरत आणि पुन्हा उसळत राहिली. तेव्हा एका मोजणीत मूल निकषांखाली आले, यावरून फाइल बंद करणे घाईचे ठरते. ज्या मुलाचे निदान पूर्वी रीतसर झाले होते, ज्याची लक्षणे गेले सहा महिने निकषांहून कमी आहेत, पण ज्याचे अजूनही काही अडते, त्याच्यासाठी डीएसएम-५ मध्ये ‘अंशतः उपशम’ अशी स्वतंत्र नोंद आहे. आपल्या मुलाच्या बाबतीत ती लागू पडते का, हे आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

भेटीला जाताना त्या खोडलेल्या प्रश्नाविषयी आपण मला जे लिहिले तेच त्यांना सांगा : दप्तर कोण भरते, चिठ्ठी कुठे असते. दोन्ही गटांचे गुण वेगळे मागा आणि ते त्याच्या वयाच्या मुलांच्या तुलनेत कुठे येतात ते विचारा, कारण सहा वर्षांच्या मुलाचे १६ आणि नऊ वर्षांच्या मुलाचे १६ सारखे नसतात. शाळेतली प्रश्नावली त्याला रोज शिकवणाऱ्या शिक्षकांकडून स्वतंत्रपणे भरून घ्यावी. पुढची प्रश्नावली सहा महिन्यांनी आपणच भरा, ‘गेल्या सहा महिन्यांत’ असा काळ मनाशी पक्का करून. २ किंवा ३ द्याल तिथे समासात गेल्या पंधरवड्यातला एक प्रसंग लिहून ठेवा. आकडा विसरला जातो. ‘चित्र काढायला बसला आणि रंगपेटी आणायला जाऊन खिडकीतच उभा राहिला’ हे वाक्य तीन वर्षांनीही तेच सांगते.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. वर्गातल्या एका मुलीचे औषध सुरू झाले आणि महिन्याभरात तिच्या पालकांनी ‘आमूलाग्र फरक’ असे लिहून दिले. मला तितका फरक दिसला नाही. उपचार सुरू आहेत हे ठाऊक असणाऱ्या पालकांच्या गुणांना अर्थ असतो का? — एक शिक्षिका

उत्तर : अर्थ असतो, पण त्यातून अपेक्षेचा वाटा वजा करावा लागतो. सोनुगा-बार्क आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये औषधाविना केल्या जाणाऱ्या उपचारांचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उपचारांच्या जवळ असलेल्या, म्हणजे बहुधा पालकांच्याच, गुणांमध्ये परिणाम ठळक दिसत होता. उपचार कोणाला चालू आहेत हे बहुधा ठाऊक नसलेल्यांच्या गुणांमध्ये तो बराच आक्रसला. उत्तेजक औषधांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या चाचण्यांत कोणाला खरे औषध दिले हे गुण देणाऱ्यापासून लपवलेले असते आणि तरीही परिणाम स्पष्ट दिसतो. पण आपल्या विद्यार्थिनीच्या घरी असा पडदा नाही, आणि पहिल्या महिन्यातली घट अंशतः वर सांगितलेल्या दुसऱ्या वेळच्या घसरणीचीही असू शकते. औषधाचा अंमल दिवसाच्या कोणत्या तासांत असतो हे मात्र जरूर विचारा, कारण पालक आणि आपण तिला एकाच वेळी पाहत नाही.

आपली फूटपट्टीही निर्दोष नसते, हे रागावू नये म्हणून हळूच सांगतो. शिक्षक तुलना वर्गाशी करतात आणि वर्गात जवळजवळ एक वर्षाने लहान असलेले मूलही असते. अमेरिकेत १ सप्टेंबर ही शाळाप्रवेशाची सीमा असलेल्या राज्यांत, वर्गात सर्वांत लहान ठरणाऱ्या, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचे निदान दर दहा हजारांत ८५.१ होते आणि सर्वांत मोठ्या ठरणाऱ्या, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांमध्ये ६३.६, हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मुलीची जन्मतारीख एकदा पाहून घ्या.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे. तपासणीसाठी गेलो असता, बारा वर्षांआधी लक्षणे होती का, हे आईला विचारण्यात आले. ती म्हणाली, ‘दहावीपर्यंत काहीच त्रास नव्हता.’ मला तर आठवते तेव्हापासून त्रास आहे. आता कोणाचे खरे मानायचे? — एक वाचक

उत्तर : दोघांचेही जसेच्या तसे मानू नये. लक्षणे कधी सुरू झाली हे पालकांना अनेक वर्षांनी विचारले, तर सांगितलेले वय प्रत्यक्षापेक्षा पुढे सरकलेले असते. त्रास जेव्हा डोळ्यांत भरला तीच त्याची सुरुवात वाटू लागते. ही अट १९९४ च्या नियमावलीत सात वर्षांची होती. ती बारापर्यंत वाढवण्यामागे जी कारणे होती, त्यांत आठवणीची ही मर्यादाही होती. उलट प्रौढ माणूस आजच्या अडचणीच्या प्रकाशात बालपण आठवतो आणि त्यात हव्या त्या खुणा त्याला सापडतात. आपल्या आईला ‘त्रास होता का’ असे न विचारता तिसरी-चौथीतला एक शाळेचा दिवस सकाळपासून सांगायला सांगा : डबा परत यायचा का, गृहपाठाला शेजारी कोण बसायचे, किती वेळ. त्या काळातली प्रगतिपुस्तके माळ्यावर असतील तर ती काढा आणि गुणांचे रकाने सोडून शेऱ्यांची ओळ वाचा. तो शेरा लिहिणाऱ्याला आपण पुढे तपासणीला जाणार हे ठाऊक नव्हते.